गृहीत

हानुस निवृत्त झाला तेव्हा
किल्ल्या परत दिल्या, कॉफीचा कप मागे विसरला,
आणि ठेवून गेला दोनशे अकरा ओळींची एक फाइल.
म्हणाला, हिला हात लावू नका. चालतंय.

चालत होतं खरं.
फेरो बेटांच्या खाड्यांमधून, जाळीच्या पिंजऱ्यांमधून
सामन माशांचे फोटो येत,
रांगेत उभे राहत,
आणि चार गावांतली सोळा यंत्रं
एकेक उचलून मोजत बसत
कुठल्या माशाच्या अंगावर किती उवा.

रांग किती वाढू द्यायची,
फसलेलं काम पुन्हा किती वेळा करून पाहायचं,
मध्ये दम किती खायचा,
एखादं यंत्र किती वेळ गप्प राहिलं
म्हणजे ते मेलं असं समजायचं,
सगळं त्या फाइलीत.
आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाने
ती पहिल्यापासून भरायची.

सुदुरोय बेटावरून तुम्मसचा फोन आला.
माझे पिंजरे दोन. यातलं काय भरू?
नऊ दिवस रोज आला.
दहाव्या दिवशी वादळ आलं, फेरी बंद पडली,
आणि रानव्वा म्हणाली, बस. खोडू या.

ती एकेक ओळ मोठ्याने वाचायची.
मी विचारायचो, ही का आहे?
खिडकीवर वारा थडाथड आपटत होता
आणि उत्तर बहुतेक वेळा तेवढंच होतं.
सात वेळा प्रयत्न करा. का सात?
चार हजार सेकंद थांबा. कुणासाठी?
बदलाच्या नोंदीत हानुसचे दोनच शब्द:
'परत नको.'

दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने
रात्री-अपरात्री फुंकलेलं ताक होतं ते सगळं.
दूध कुठलं, चूल कुठली, कुणालाच आठवत नव्हतं.
फुंकणं तेवढं चालू.

संध्याकाळपर्यंत दोनशे ओळी गेल्या.
गप्प यंत्राला मेलं समजायची मुदत
नव्वद सेकंदांवरून तीस केली.
तीस शहाणा आकडा वाटला. गोल, तरुण.

गुरुवारी रात्री स्कूवोयचं यंत्र मेलं.
मिनिटभराने उठून बसलं.
शुक्रवारीही. त्याच वेळी. अकरा वाजून चार मिनिटं.
दरम्यान त्याच्या वाटचं काम दुसऱ्यांनी उचललेलं,
आणि यानेही हातातलं सोडलं नव्हतं.
तेच मासे दोनदा मोजले गेले.
उवा दुप्पट झाल्या कागदावर,
आणि औषधाची बोट निघता निघता थांबवली.

हानुसला फोन लावला. तो मेंढ्यांत होता.
अकराची मालबोट, तो म्हणाला.
तबकडीच्या बरोब्बर समोरून वळते. मिनिटभर सिग्नल अडतो.
मग हे लिहून का नाही ठेवलंस?
लिहिलं की, तो म्हणाला. नव्वद.

आता फाइलीत अकरा ओळी आहेत.
नव्वद परत आलं, आणि त्याच्या शेजारी
पहिल्यांदाच एक वाक्य: बोट वळते, थांबा.
तुम्मसला भरावी लागते एकच ओळ, स्वतःच्या नावाची.
बाकीचं आम्ही गृहीत धरलंय.

'मला गृहीत धरू नकोस' असं
माझी बायको मला दोनदा म्हणाली आहे,
आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.
पण कुणाला गृहीत धरायचं तर
आधी त्याची बोट किती वाजता वळते
हे कुणीतरी जाऊन पाहिलेलं असावं लागतं.
एवढं मला हल्ली कळतं. घरी सांगितलेलं नाही.

तुम्मसचा फोन नंतर आला नाही.
आठवडा गेला, दुसरा गेला.
रानव्वा म्हणाली, नव्वद सेकंद केव्हाच उलटलेत हं.
म्हणून मीच लावला.
पलीकडे समुद्र, मोटर, एक कुत्रं.
का रे, तो ओरडला, काही बिघडलंय का?