रपोट

सातवीच्या फळ्यावर मी लिहिलं: पोर्ट.
खाली अर्थ: वाहून नेणे.
म्हटलं, लॅटिन नावाची एक भाषा होती,
आता ती कुणाच्या घरात बोलत नाहीत,
पण तिचा हा हमाल अजून कामावर आहे.
पोरं हसली नाहीत.
हमाल हा शब्द आमच्या गावात
दर तिसऱ्या घरी जेवायला असतो.

मग शब्द यायला लागले.
मोर्शी रोडवरच्या ट्रकच्या पाठीवरून ट्रान्सपोर्ट:
इकडून उचला, तिकडे ठेवा.
संत्र्याच्या पेटीवरून एक्सपोर्ट, बाहेर नेणे.
बाहेर म्हणजे नागपूर की बांगलादेश,
यावर मागच्या बाकावर थोडी मारामारी.
इम्पोर्ट, आत आणणे.
सपोर्टला मी खिडकीतून बगीचा दाखवला:
लदलेल्या फांदीखाली लावलेला बांबू,
खालून उचलून धरतो तो.
रिपोर्ट म्हणजे परत आणणे,
जे घडलं ते तोंडात धरून माघारी येणे.
"रपोट," कैवल्य म्हणाला, "ठाण्यात देतेत थो."

कुणीतरी पासपोर्ट म्हणालं.
तो या घरचा नाही, मी सांगितलं,
तो बंदराकडचा. आडनाव एक, सोयरसुतक नाही.
फार मागे भाऊबंद असतीलही,
वाटण्या होऊन हजारो वर्षं झाली.

आचल उईकेनं रफार गाळून सगळं उतरवलं होतं.
ट्रान्सपोट. एक्सपोट. सपोट. रपोट.
मी लाल पेन उघडला तेवढ्यात ती म्हणाली,
"मॅडम, सगळ्याइतच पोट हाये."

पेनाचं टोपण मी परत लावलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं.
चाळीस वर्षं वरुडच्या मंडीत पेट्या उचलल्या त्यांनी,
मानेमागचा घट्टा आता टोपीसुद्धा टेकू देत नाही.
"येका शब्दाले इतके लेकरं?"
मग बराच वेळ खाटेची सुतळी ओढत बसले.
"अन् माह्या नावाचं सांग."

बाबांचं नाव उकंडा.
आधीचे दोघं भाऊ सटवाईच्या पूजेपर्यंतही टिकले नव्हते.
तिसऱ्याला आईनं पाटीत घालून
उकिरड्यावर नेऊन ठेवलं,
मरणाला वाटावं, टाकलेलंच आहे, काय न्यायचं.
सुइणीनं उचललं. दारात आणलं.
पायलीभर ज्वारी देऊन आईनं विकत घेतलं.

"म्हंजे मी एक्सपोट बी झालो," बाबा म्हणाले,
"अन् इम्पोट बी. येकाच सकाळी."
आणि खोकला येईपर्यंत हसले.

मी विचारलं, त्या सुइणीचं नाव काय?
त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"थे कोनं सांगतलंच नाही."

आचलची वही अजून माझ्याकडे आहे.
चारही शब्दांवर मी रफार दिलाय,
पेन्सिलीनं,
तिला हवा तर खोडता येईल इतका हलका.