आडवी उभी

आउस्मा, त्या फोटोत तू नाहीस.
नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये लिएपायाच्या पेपरात आला होता:
मी हवेत, चेंडू बोटांवरून सुटतोय,
तोंड वाकडं, वेणी सुटलेली.
उजव्या कडेला नुसता एक खांदा
आणि पाठीवरच्या चौदातला एक.
चार कात्रीत गेला.

त्याच खांद्यावर रीगाची दांडगी गार्ड येऊन आदळली होती,
म्हणून मी मोकळी होते.
गुणपत्रकात धडकेला रकाना नसतो.
दोन गुण माझे,
तुझ्या नावापुढे काही नाही.

एक मीटर अठ्ठ्याण्णव.
मापाचे बूट मिळेनात, म्हणून पहिलं वर्ष
बंदरावर काम करणाऱ्या मामाच्या बुटांत खेळलीस,
बुटांना मासळीचा वास,
समोरच्या सेंटर नाक मुरडत मागे सरायच्या
आणि तू म्हणायचीस, बचाव असाही असतो.

मग इटलीत दोन हंगाम, मेर्सिनला तीन,
मग फ्रान्समधलं ते गाव, जिथे दोन महिने पगारच आला नाही
आणि क्लबच्या अध्यक्षानं बदल्यात चीज पाठवलं.
पत्रांत तू कधी गुण लिहिले नाहीस.
पलंगाची लांबी लिहायचीस.
*मेर्सिन: एक नव्वद. पाय खिडकीत. समुद्र दिसतो, पायांना.*

उजवा गुडघा. डावा. पुन्हा उजवा.
डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरून वय विचारलं.
चौतीस, म्हणालीस.
तो म्हणाला, तुमचं नाही, गुडघ्यांचं विचारतोय.

तू कोच झालीस तेव्हा मला वाटलं, जमायचं नाही.
उंटावरून शेळ्या हाकणं तुझ्या रक्तात नाही,
तू कायम तिथे, जिथे धक्का लागतो.
शिट्टी वाजवायलासुद्धा लाजायचीस.
सलग अकरा हार.
बाकांवर पालक कुजबुजायचे,
खोटं कशाला बोलू, मीही त्यांत होते,
माझी मादारा राखीवातली शेवटची.

त्या हिवाळ्यात महिनाभर तू मुलींना चेंडूच दिला नाहीस.
उभं राहायला शिकवलंस.
पाय रोवून, हात छातीशी,
कुणीतरी धावत येऊन आपटणार हे माहीत असताना
डोळे उघडे.
लंगडत, उशी पोटाशी धरून
तू स्वतःच एकेकीवर चालून जायचीस.

आणि काल, वेंत्सपिल्सला.
एक गुण मागे, सात सेकंद.
टाइमआउटमध्ये पाटीवरचा पेन सुकलेला,
तू कोऱ्या पाटीवर बोटानंच काहीतरी ओढलंस,
आणि मादाराच्या पाठीवर थाप मारलीस.

ती आत गेली. चेंडूला तिनं हातही लावला नाही.
आडवी उभी राहिली.
तो आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत आला, माझ्या बरगड्यांपर्यंत.
मोकळ्या मुलीनं फेकलं, चेंडू कडीवर दोनदा फिरला
आणि बाहेर पडला.

हरलो.
कुणी रडत होतं, कुणी पंचांकडे धावत होतं,
तू मात्र कुठेच बघत नव्हतीस.
जमिनीवर बसलेल्या मादाराशेजारी
दोन्ही गुडघे कडकडवत खाली वाकलीस,
काहीतरी विचारलंस,
ती हसली.
गाडीत मी खोदून खोदून विचारलं.
म्हणाली, ते आमचं आहे.

रात्री तो फोटो काढला.
कागद पिवळा पडलाय,
खांद्याच्या पुढे समास थोडा उरलाय.
तिथे पेननं चार काढला.
वाकडा आला. राहू दिला.