अधिवास

तिघऱ्याच्या वाटेवर, बंद पडलेल्या खदानीच्या काठाशी
मंदाकिनी आत्याने तो उकरला, जानेवारीत.
रानकांदा. मुठीएवढा.
खुरपं तीनदा दगडावर आपटलं,
कारण माती म्हणावी अशी तिथं नव्हतीच,
पत्थराच्या दोन थरांत बोटभर वाळू
आणि तिच्यात हा,
खडकाने जागा दिली तेवढाच फुगलेला,
एका अंगाने चपटा.

शेळ्यांमागची रामसखी लांबूनच ओरडली,
"खइयो मत, बाईजी! बकरियाँ तक नईं छूतीं!"
"खायला नाही गं, शिकवायला," आत्या म्हणाली,
चक्क मराठीत.
रामसखीने समजल्यासारखी मान हलवली.

लश्करच्या घरी तो कपाटावर गेला,
शिळ्या वर्तमानपत्रावर.
मग परीक्षा आल्या, गठ्ठ्याने पेपर आले,
काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं.
विसरलो.

एप्रिलच्या एका रात्री वीज गेली,
मेणबत्ती शोधताना माझा हात कशाला तरी लागला.
ना पाणी, ना माती, ना एक पान.
नुसता दांडा, दीड हात,
झरोक्याकडे कललेला,
आणि त्याला कळ्या.

फुलं अंधार पडल्यावर उघडायची.
मळकट पांढरी, पाठीवर तपकिरी रेघ, मान खाली.
दूधवाला यायच्या आत मिटलेली.
सुंदर नव्हती.
तरी आम्ही जेवणं उरकून
दिवा बंद करून बसायचो, काकासुद्धा.
"पानं पावसात येतात," आत्या सांगायची,
"या झाडाच्या पानाने
स्वतःचं फूल कधी पाहिलेलं नसतं."

मग हर्बेरियमचा कागद. लेबल.
नाव, लिहिलं. कुळ, लिहिलं.
तारीख जानेवारीची की एप्रिलची, यावर थोडा वाद.
अधिवास,
इथं पेन थांबलं.
"खडकाळ उतार, कोरडं झुडपी रान," मी म्हटलं.
"पण फुलला कुठे?"
काका पलंगावरून म्हणाले,
"मूळचा कुठला, ते लिही."
दर लग्नात कुणीतरी त्यांना हेच विचारतं
आणि ते कोकणातल्या एका गावाचं नाव घेतात
जे आमच्या पाच पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही.

कांदा आत्याने दाबला नाहीच.
जुलैत परत नेला.
जुना खड्डा सापडेना,
मग हाताला लागली त्या भेगेत बसवून आली,
चपटी बाजू दगडाकडे.

लेबल माझ्याकडे आहे.
अधिवासापुढे पेन्सिलीने 'कपाट',
खोडलेलं,
पण वाचता येतं.