पान एकशे सतरा

बावीस वर्षं हीच कादंबरी शिकवते आहे मी,
अलाबामातल्या ह्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथली एक खिडकी उघडत नाही आणि दुसरी लागत नाही.
माझ्या प्रतीचा कणा तीनदा चिकटवलाय.
समासात माझंच तरुणपणीचं अक्षर:
प्रतीक. विरोधाभास. इथे थांबणे.

इथे थांबणे, म्हणजे जिथे तो शब्द येतो.
मोठ्याने वाचताना आम्ही तो उच्चारत नाही.
वाचणारा एक श्वास घेतो आणि पुढे जातो.
त्या श्वासाएवढं भोक पडतं वर्गाला,
एकोणतीस मुलं त्यातून खाली डोकावतात
आणि मुकाट आपापल्या ओळीवर परत येतात.

आज विषय होता: डॉक्टर भला माणूस आहे का?
त्याने बर्फाच्या वखारीत लपवलं त्या काळ्या पोराला,
तीन रात्री, फाटकाशी जमाव उभा असताना.
मेरिडिथ म्हणाली, भलाच. जिवावर उदार झाला तो.
थॅडियस म्हणाला, कुणाच्या जिवावर?
कॅलहून म्हणाला, तेव्हाचा काळच तसा होता.
त्यावर डेलफीन खुर्चीतून अर्धी उठली,
"काळ कुठल्या गल्लीत राहायचा रे?
दोर काळाने आणला होता का विकत?"

मी फळ्यावर लिहीत होते, धैर्य, अपराधभाव,
लिहीत होते कारण पाठ फिरवून उभं राहता येतं.

तेव्हा मागच्या बाकावर लुशियसने हात वर केला.
वर म्हणजे कोपरापर्यंतच.
सप्टेंबरपासून हजेरीपलीकडे बोललेला नाही हा मुलगा.
"वखारीत जेवण कोण नेत होतं?"
स्वयंपाकीण, मी म्हटलं. व्हायनी. पान एकशे सतरा.
"व्हायनी काय?"
काय म्हणजे?
"आडनाव.
डॉक्टरला आहे. जमावातल्या चौघांना आहे.
डॉक्टरच्या घोडीलासुद्धा दोन नावं आहेत.
हिचं काय?"

मग नुसती पानं.
कोंबड्या पेंढा उकरतात तसा आवाज, सगळ्या वर्गभर.
कॅलहूनही शोधत होता, बोट ओलं करकरून.
नाही सापडलं.

मी माझी प्रत उघडली.
तिच्या नावाशेजारी मी लिहिलं होतं: निष्ठा.
खाली दोन रेघा.

माझी आई प्रेन्टिसांच्या घरी इस्त्री करायची.
त्यांचं सहा वर्षांचं पोर तिला हाक मारायचं, लूएला!
आणि ती म्हणायची, आले, मिस्टर जॉर्डन.
संध्याकाळी घरी आली की दारातच बूट काढायची,
तळवे चोळायची, आणि मला सांगायची,
हं, आता पूर्ण नावाने हाक मार बघू.
मी कमरेवर हात ठेवून ओरडायचे:
मिसेस लूएला टॉलिव्हर!
ती म्हणायची, पुन्हा.
मला तो खेळ वाटायचा.

हे मी वर्गात सांगितलं नाही.
सांगणार होते बहुतेक; घंटा झाली.
मुलं गेली, भांडत भांडत, डॉक्टरवरूनच.

शुक्रवारी पुस्तकं परत घेतली.
नोंदवहीत रकाना असतो: नुकसान, दंड.
लुशियसच्या प्रतीत, एकशे सतराव्या पानावर,
व्हायनीच्या पुढे, ओळींमधल्या चिंचोळ्या जागेत,
पेन्सिलीने ओढलेली एक आडवी रेघ.
नाव नाही लिहिलेलं. नुसती रेघ,
अर्जावर असते तशी, भरायची राहिलेली.

मी खणात रबर शोधलं.
सापडलं.
हातात धरून बसले थोडा वेळ, मग परत ठेवून दिलं.

तसंही माझ्या प्रतीवर त्याचा उपयोग नव्हता.
तिथलं सगळं शाईत आहे.