नमुना क्रमांक एकोणीस

पंप घरघरतोय. अजून पुरतं निर्वात व्हायचंय.
तोवर नुझहत सोलकर स्टुलावर बसून
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते.
साखरतरहून सातच्या एस्टीनं आलीय.
कुपीत चिमूटभर पांढरी भुकटी:
रातांब्याच्या सालांचा काढा, जस्ताचं लवण,
मग भट्टीत चारशे अंशांवर दोन तास.
काढ्याचा लाल रंग कुठं गेला, मी विचारत नाही.
माझ्या यंत्राला रंग कळत नाहीत.

काळ्या टेपवर काडीच्या टोकानं भुकटी,
वर रबरी फुग्याची फुंकर. चिकटलं ते राहिलं.
मग सोन्याचा मुलामा.
‘खरं सोनं, सर?’
खरं. दहा नॅनोमीटर.
एवढ्यात मुंगीचं नाकही टोचून होणार नाही.

सतरा वर्षं मी या खोलीत.
बाहेर भाट्याच्या खाडीवरनं खारा वारा येतो,
खिडकीचे गज खातो, कुलपं खातो,
माझ्या स्कूटरचे दोन सायलेन्सर खाऊन झालेत त्याचे.
इथं त्याला मज्जाव.
सिलिका जेलची बरणी निळी असली की मी निवांत,
गुलाबी झाली की जीव खालीवर.

पंधरा किलोव्होल्ट. आधी पडद्यावर नुसतं धुकं.
बाबा गरी टाकून दोरा बोटावर धरायचे,
मासा लागलाय की कातळ, न बघता सांगायचे.
मी दोन चकत्या फिरवतो, ही केसभर, ती केसभर,
लांबट दिसणारा कण जागेवर येईस्तोवर.
पाच हजार पट. चाळीस हजार.
‘फुलं आहेत का सर?’
आहेत. पाकळीत पाकळी खुपसलेली.
ती स्टुलावरून उठलीच.

फोटो घेऊन मी मागे येतो, पुन्हा पाच हजारांवर,
आणि डाव्या कोपऱ्यात
एक चौकोनी ठोकळा.
थोडं सरकवतो. आणखी तीन.
परडीत कुणी फासे टाकून ठेवावेत तसे.
जस्त असं वागत नाही.
एक्स-रेचा डिटेक्टर पुढे घेतो, थांबतो.
सोडियम. क्लोरीन.

‘धुतलीस कशानं?’
‘डिस्टिल्ड वॉटर संपलेलं.’
‘मग?’
‘आमच्या विहिरीच्या पाण्यानं. गोडं आहे, सर.
आम्ही तेच पितो.’

तेच पितात.
माघ सरला की खाडीकाठच्या विहिरींत
समुद्र खालून चढत येतो, बोट बोट.
जीभ रोजच्या पाण्याला गोडंच म्हणते.
घरी आमटीला मीठ कमी लागत असेल,
आईला वाटत असेल, आपला हात आता बसला.

दुधात मिठाचा खडा म्हणतात,
तो हा.

‘फोटोतून काढता येतं का हे?’
येतं. दोन मिनिटांचं काम आहे. मी तसं सांगतोही.
पंप घरघरतो. ती पडद्याकडे बघत राहते,
फुलांकडे नाही.
कडा किती सरळ, म्हणते, कुणी घासल्यासारख्या.
मग पर्सची चेन लावते.
‘हाच प्रिंट द्या. आणि गुरुवारी मी
पाणीच आणते. नुसतं. चालेल?’

चालेल. थेंब वाळवून बघू.
रजिस्टरमध्ये लिहितो: नमुना क्रमांक वीस.
पदार्थाच्या रकान्यात काय लिहावं, कळत नाही.
विहीर, लिहितो.
बरणी कडेनं गुलाबी व्हायला लागलीय.