कडी

नागपूरहून आणलेल्या कॅलिपरचा बोल्ट
तिसऱ्याच आठवड्यात ढिला झाला.
ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, थांब ना गा जरासा,
आणि आठ नंबरच्या पान्यानं
आधी पोरीचा गुडघा आवळला.

उमरी फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान.

जन्मली तेव्हा हिच्या कमरेवर
लिंबाएवढी मऊ गाठ होती, पाण्याची.
मणके मिटलेच नाहीत, डॉक्टर म्हणाले.
त्यांनी ते मिटवलं, वरून टाके घातले.
मी विचारलं, "पॅच धरन ना, साहेब?"
ते हसले नाहीत.
म्हणाले, पॅच धरेल.
आतली तार मात्र जोडता येत नाही.

आता गुंजन सहा वर्षांची.
अंगणात दोन बांबू, तिच्या कमरेच्या उंचीवर,
वासेकर मॅडमनी टेप लावून सांगितलेले.
एरवी त्यांवर लुगडी वाळतात.
दर चार तासांनी नळी, ते काम आईचं.
बांबू माझ्याकडे.

ती उभी राहते. गुडघा सरळ होतो
आणि पट्टीवरची कडी आपसूक घसरते, टक्.
दुसऱ्या पायाची, जरा उशिरा, टक्.
मग खांदा, मग कंबर,
मग कुठं तो पाय.
मोठ्यानं मोजू नका, मॅडमनी बजावलंय.
मी मनात मोजतो. ओठ हलतात म्हणे माझे.

रात्री बूट काढतो.
दिवसभर घमेल्यात ट्यूब फिरवत
बुडबुडा शोधतो,
तसा तिचा पाय हातात घेऊन फिरवतो
बॅटरीच्या उजेडात. टाच, घोटा, करंगळीची बाजू.
कुठं लाल दिसतं का.
तिला लागलेलं तिला कळत नाही.
मागच्या वैशाखात तापल्या टिनाला पाय टेकला होता
आणि ही बाहुलीची वेणी घालत बसलेली.
फोड तिला आला. दुखला आम्हाला.

काल सतरा पावलं झाली.
मी म्हटलं, अजून एक, माय.
"बसू द्या न बाबा.
बेबीकाकूची बकरी जनली."
वाकली, दोन बोटांनी कडी वर ओढली,
मग दुसरी,
आणि खाली बसून हातांवर सरकत सुटली
चालण्याच्या चौपट वेगानं,
कुंपणातल्या फटीतून पलीकडं.

कडी लावायची मॅडमनी शिकवली होती.
उघडायची कोणी शिकवली, ठाऊक नाही.

मातीत घासत गेलाय कॅलिपर.
बोल्ट पुन्हा ढिला होणार.