नॉमिनी

भांडुपच्या कारखान्यात लागले तेव्हा
एचआर नव्हतं, टाइम ऑफिस होतं.
एक खिडकी, डुगडुगतं स्टूल,
मस्टर, लाल शाई
आणि चेंदवणकर.
म्हणाले, "नाव नीट लिही, पोरी.
नाव चुकलं की पगार चुकतो,
पगार चुकला की माणूस खिडकीशी येतो.
आणि तो एकटा नसतो हां,
मागे त्याची बायको उभी असते,
दिसत नसली तरी."
मी हसले होते. एकवीस वर्षांची होते.

मग परळला संध्याकाळचा डिप्लोमा.
पर्सोनेल, मग एचआर, मग पीपल अँड कल्चर;
दारावरची पाटी बदलत गेली,
खुर्चीला चाकं आली.
आता पवईला, अकराव्या मजल्यावर,
मी नव्या मुलींना शिकवते
टिश्यूचा डबा कुठे ठेवायचा:
समोर नाही. हाताशी.
समोर दिसला की माणूस
बसायच्या आधीच ओळखतो.

काल रात्री यादी आली. एक्केचाळीस.
सव्विसावा विश्राम गोठणकर.
मीच घेतलेला. मुलाखतीत
दोनदा पाणी मागितलं होतं त्यानं,
आणि ग्लास स्वतः नेऊन ठेवला होता.
पत्रात त्याच्या आडनावातला एच गळलाय.
घातला मी परत.
कर्सर त्याच्यापुढे लुकलुकत राहिला,
जसं काही अजून लिहायचंय.

दहाला येईल तो.
इथे खिडकी नाही, सगळी काचच.
बायकोचं नाव काय त्याच्या?
सांगितलं होतं एकदा, दिवाळीच्या पार्टीत.
फाइल उघडते.
असेल,
नॉमिनीच्या रकान्यात.